उतरलेले सेल

सिस्टर ऑड्री विलायतेला परत गेल्या
तेव्हा मिशन दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये वाटण्या झाल्या.
छत्री मेट्रनला, शिलाई मशीन मार्थाबाईला,
आणि याकोब कंपाउंडरच्या पोराला, म्हणजे मला,
सहा सेलांवर चालणारा प्लेअर
आणि एकच तबकडी.
कव्हरवर कपाळभर केसांची मुलगी, वय सतरा.
हेझल थॉर्नबी.
नाव वाचायला दोन दिवस लागले.

जालन्यात सेल महाग.
उतरले की आई ते पत्र्यावर उन्हात ठेवायची
सांडग्यांच्या शेजारी.
संध्याकाळपर्यंत त्यांत गाण्यापुरता जीव यायचा,
गाण्यापुरता, पुरता नव्हे.
आणि मोटरही अशी दमलेली
की नाताळात नवे सेल घातले तरी ती कधी धावली नाही.
तबकडी सावकाश फिरायची
आणि हेझल खालच्या, रुंद, जड आवाजात गायची,
तीन बाळंतपणं आणि एक दुष्काळ काढलेल्या बाईसारखी.
मला वाटायचं
तिकडच्या थंडीत गळे लवकर पिकत असतील.

दुसरी तबकडी कधी हाती लागली नाही.
खबर मात्र यायची.
चुलतभाऊ औरंगाबादेत हॉटेलात रूमबॉय,
अजिंठा बघून गेलेल्या गोऱ्यांनी
पलंगाखाली टाकलेली मासिकं तो बांधून पाठवायचा.
तिचं लग्न कळलं तेव्हा घटस्फोट होऊन गेला होता.
चंदेरी पँटमधला फोटो आला
तेव्हा ती फॅशन तिकडे उतरलीसुद्धा होती,
आणि हेझल कुठल्याशा मासळीच्या बंदरात
सुट्टीवर आलेल्या कामगारांपुढे
दोन जुगारांच्या मध्ये गात होती.
त्या खाली लिहिलेलं एक वाक्य
पाद्रीसाहेबांनी वाचून दाखवलं:
‘अजून उभी आहे.’

मामा चौकात मी टपरी टाकली,
कोऱ्या कॅसेट भरून द्यायची.
कव्वाल्या, भीमगीतं, हळदीची गाणी.
प्रत्येक कॅसेटच्या शेपटाला दोन-तीन मिनिटं उरतात.
तिथं मी हेझल भरायचो,
न विचारता, न पैसे घेता.
एकदा रोलिंग मिलमधला मुनीरुद्दीन आला,
‘सायलसभाई, आखरी में ये कौन औरत रोरई?’
रडत नाही, म्हटलं, गातेय. पुसून देतो.
तो कॅसेट हातात फिरवत राहिला.
‘नको. उस औरत कू रहने दो.’

मग तिच्या घशाचं ऑपरेशन झालं.
अकरा वर्षं मासिकांत ती नाही.
चुलतभाऊ वारला, टपरीवर मोबाइलची कव्हरं लटकली,
मी बियाणांच्या गोदामात पावत्या फाडू लागलो.

परवा नातवाने फोनवर ती शोधून दिली.
पहिलंच गाणं, माझंच.
ऐकतो तर काय,
बारीक, घाईत निघालेला, शाळकरी पोरीचा आवाज,
बस चुकेल म्हणून धावणारा.
मी म्हटलं ही नव्हे.
तो म्हणाला आजोबा, हीच, नाव बघा ना.
सत्तावन्न वर्षं मी कुणाला ऐकत होतो,
ते काही वेळ मला सांगता आलं नसतं.

अंगठ्याने त्याने पुढचं लावलं.
लहानसा हॉल. खुर्चीवर बसलेली
पांढऱ्या केसांची बाई, वय चौऱ्याहत्तर,
पाण्याची बाटली पायापाशी.
वादकांना हाताने म्हणते, खाली, अजून खाली.
तेच गाणं.
खालचा, रुंद, जड.
श्वास घ्यायला जिथं थांबली
तिथंच आमची मोटर अडखळायची.

‘आवाज बसलाय बाईचा,’ नातू म्हणाला.
मी त्याला गप्प बस म्हटलं, जरा मोठ्यानेच.
बाहेर बाराव्या दिवशी नळाला पाणी आलेलं,
गल्लीभर घागरी वाजत होत्या,
सून दुसऱ्यांदा हाका मारत होती.
मी उठून खिडकी लावून घेतली.