कळक

इलाहीमास्तरांचा कीबोर्ड उघडला तेव्हा
पापाच्या तिकटीला तीनचं ऊन होतं,
आणि बोर्डाच्या कोपऱ्यात हिरवट-निळं काहीतरी,
कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक कळकावं तसं.

वीस वर्षांच्या वरातींच्या चाली
ध्यानात राहाव्यात म्हणून बसवलेली
पिंपाएवढ्या तोऱ्याची, बोटभर बॅटरी.
ती पाझरली,
आणि जे राखायचं तेच खाऊन बसली.

पक्कडीनं काढली. व्हिनेगरचे थेंब टाकले.
फसफस.
जुना टूथब्रश, मग स्पिरिट, मग नुसतीच फुंकर.
भिंगाखाली तांब्याची रेघ
मध्येच संपलेली, पलीकडे पुन्हा सुरू,
जसं काही झालंच नाही.

आजोबा याच बोळात कल्हई करत.
नवसागराचा धूर, कापसाचा बोळा,
आणि एका फिरकीत
भांड्याच्या पोटात चांदणं पसरायचं.
तुझा हात जड आहे, म्हणाले होते,
तू दुसरं काही बघ.
मी दुसरंच बघितलं. तरी
श्वास धरून तेच कथील टोकावर घेतोय,
कुरतडलेल्या तांब्याला लावतोय,
केसाएवढी तार टाकून रेघ सांधतोय.

चालू केला. दिवा लागला.
चाल एकही नाही, सगळ्या जागा कोऱ्या.
मास्तर काही बोलले नाहीत.
एकेक पट्टी दाबत गेले, सावकाश,
मिक्सर घेऊन आलेली बाई दारातच थांबली.
वरची एक काळी पट्टी मुकी.

"पुन्हा उघडतो," मी म्हणालो.
"ऱ्हाऊ दे की," ते म्हणाले,
"तेवढा सूर मी तोंडानं लावतो."