हवाई अंतर

हवाई अंतर चारशे सहासष्ट किलोमीटर.
वेळ एक तास दहा मिनिटं.
तिकिटाच्या पाठीवर पेनानं भागाकार केला;
जित्याची खोड.
चौतीस वर्षं बांधकाम खात्यात रस्तेच मोजले.

देवास, मक्सी, शाजापूर, सारंगपूर,
ब्यावरा, गुना, शिवपुरी...
आग्रा रस्त्याचा एकेक दगड मला ओळखतो.
त्याच रस्त्यानं निघालो होतो आईला भेटायला
आणि गुन्याच्या अलीकडे, उलटलेल्या ट्रकमागे
पाच तास उभा राहिलो.
लष्करात पोचलो तेव्हा अंगण धुऊन झालं होतं.
कुंदाक्का म्हणाली,
"रस्ते मोजणाऱ्यालाच उशीर व्हावा!"
एवढंच.
त्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही.
अकरा वर्षं झाली.

परवा तिच्या नातवाचा फोन.
"आजोबा, आता विमान आहे. तासाभरात याल.
आजीला सांगून ठेवलंय."
काय सांगितलं, ते विचारलं नाही.
लसणी शेव घेतली, जिरावणाची पुडी घेतली.
तपासणीवाल्या पोरीनं पुडी हुंगली,
"ये क्या है, अंकल?"
आणि दोनदा शिंकली.

बिजासनची टेकडी बाजूला टाकून विमान उडालं.
पंखे दोन, माणसं एकेचाळीस.
खाली रस्ता दिसतो का पाहिलं.
दिसला, पण दगड दिसेनात.
गुना कुठलं ते कळलंच नाही;
माझे ते पाच तास
चहाच्या दोन घोटांत मागे पडले असावेत.

ग्वाल्हेर झाकलेलं होतं.
किल्लासुद्धा नाही.
वैमानिक म्हणाला, धुकं आहे, फेरी मारतो.
एक मारली. दुसरी मारली.
तिसरीत मी हिशेब केला:
बरोबर खाली महाराजपुरा,
फाटकाबाहेर रिक्षातून उतरून उभी कुंदाक्का,
डोक्याला मफलर, हातात कसलीशी पिशवी.
आडवं अंतर शून्य.
उभं, तीन किलोमीटर.
उभं अंतर मोजायची वेळ
माझ्यावर कधी आली नव्हती.

मग विमान वळलं.
इंदूर. तेच दार, तीच पोरगी,
"इतक्यात आलात?"
एकूण प्रवास हजाराच्या आसपास, फेऱ्या धरून.
वेळ दोन तास पन्नास.
निघालो तिथून पोचलो तिथवर, काही नाही.
आमच्या खात्यात असा भत्ता
कुणी मंजूर केला नसता.

सामानाच्या पट्ट्याजवळ फोन वाजला.
नातवाचा नंबर. आवाज त्याचा नाही.
"ऐकू आलास," ती म्हणाली.
"काय?"
"वरून. तीनदा.
पहिल्यांदा वाटलं, फौजेचं असेल.
दुसऱ्यांदा मी वर पाहिलं. दिसतंय काय डोंबल!
तिसऱ्यांदा लांब गेलास, ते कळलं."
मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.
"मुरैन्याची गजक आणली होती तुझ्यासाठी.
थंडीत उभी होते, अर्धी मीच खाल्ली."
मी म्हणालो, पुढच्या आठवड्याचं तिकीट बघतो,
एक तास दहा मिनिटं...

"रस्त्यानं ये," ती म्हणाली.
"उशीर झाला तर होऊ दे."

पिशवी मी अजून उघडलेली नाही.
खोलीभर जिरावणाचा वास आहे.