कुंपणापर्यंत

सकाळी नऊला पब बंदच असतो.
बेरिल हेबलथ्वेटने मागचं दार उघडलं, एप्रनला हात पुसत.
मी ओळखपत्र दाखवलं.
ती म्हणाली, आधी चहा की आधी भांडण?
मी म्हणालो, आधी घसरगुंडी.

लिंकनशायरच्या या किनाऱ्यावर वारा
समुद्राकडून निघतो आणि कुठेच टेकत नाही.
बागेत सहा टेबलं, पालथे ग्लास,
आणि कोपऱ्यात ते:
मनोरा, दोरीची शिडी, पत्र्याची घसरण,
वर एक खरंखुरं बोटीचं सुकाणू.
नॉरिसने बांधलं, ती म्हणाली,
मोडीत निघालेल्या मासेमारी बोटीच्या फळ्यांतून.
तेव्हा पोरं लहान होती आमची.
आता थोरल्याला टक्कल पडलंय.

जमीन माझी आहे. कर्ज फिटलंय. कागद दाखवू?
जमीन तुमचीच, मी म्हणालो,
पण चिप्स घेणाऱ्याचं पोर त्यावर चढतं,
म्हणून कौन्सिल.
हे वाक्य मी आठवड्यातून चारदा म्हणतो.
बायको सांगते, झोपेतही.

मग पिशवीतून काढली माझी खोटी बोटं,
एक आठ मिलिमीटरचं, एक पंचवीसचं,
आणि डोकं,
म्हणजे डोक्याच्या मापाचा ठोकळा,
ज्याला नाक नाही, आई नाही.
दोन फळ्यांमधून आत घातलं. गेलं.
बाहेर ओढलं. येईना.
बेरिल काही बोलली नाही.

गुडघे टेकून खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर टोचला.
उकडलेल्या बटाट्यात जावा तसा
मुठीपर्यंत गेला.
वरून मात्र रंग ताजा, निळा.
दर ईस्टरला ती स्वतः देते,
नॉरिस गेल्यापासून दोन हात देते.

चौतीस वर्षांत एक दात पडला, ती म्हणाली.
एकच. आणि तो आधीपासून हलत होता.
मी लिहून घेतलं नाही.
फॉर्मवर रकाना नव्हता.

नोटीस लिहीत होतो तेवढ्यात
कुंपणापलीकडे करकर, करकर,
आणि कुंपणाच्या वर एक मुलगी उगवली.
तू,
मावळली.
कोण,
मावळली.
आहेस?

ट्रॅम्पोलिन. जाळी फाटून लोंबणारी.
तीन स्प्रिंगा नाहीत, मी इथूनच मोजल्या.
दोन पावलांवर काचेचं ग्रीनहाऊस, आत टोमॅटो.
मी कौन्सिलचा माणूस, मी वर बघत म्हणालो.
आमचं,
पण,
बघणार?

नाही गं.
ते घर आहे. घराचं मागचं अंगण.
तिथे गिऱ्हाईक नाही, नोकर नाही,
आईबाप आहेत फक्त, आणि तेही बहुधा आत.
कुंपणाने शेत खाल्लं असं म्हणतात,
इथे कुंपण कायदा खातं,
आणि ढेकरसुद्धा देत नाही.

बेरिलने नोटीस हात लांब करून वाचली.
चष्मा आणायला गेली नाही.
सुकाणू काढून घेऊ का, तिने विचारलं.
जमिनीवर ठेवलंत तर माझी हरकत नाही.
बोल्ट गंजलेला होता.
तिने पाना आणला, मी शिडी धरली,
मग पानाच धरला.
हे नियमात बसतं की नाही, मला माहीत नाही.
चहा राहूनच गेला.

मंगळवारी तिचा फोन आला.
रविवारी सात पोरं होती बागेत, ती म्हणाली,
तुझी लाल पट्टी बघून वैतागली,
सगळी पलीकडे गेली उड्या मारायला.
पलीकडे कशी?
कुंपणाची एक फळी सरकते ना, तिथून.
फट किती, मी सवयीने विचारलं.
डोकं जाईल एवढी.
परत येतं का ते तू येऊन बघ,
पण आधीच सांगते,
कुंपण माझं नाही, त्यांचं आहे.