ओर्फेलिनाची खटखट

मे महिन्यात ओर्फेलिना लाँचने पलीकडे गेली,
मुलीचं बाळंतपण करायला, पुएर्तो मोंतला.
जाताना म्हणाली, कोंबड्यांना विसरू नकोस.
विसरलो नाही. मका टाकला, पाणी बदललं,
संध्याकाळी सातही मोजून दार लावलं.
आयुष्यभर होड्या बांधणाऱ्याला
खुराडं म्हणजे काय मोठंसं.

जूनमध्ये पेंढ्यात हात घातला
आणि काहीतरी हाताला बिलगलं.
गरम, लिबलिबीत. आकार अंड्याचाच,
पण बोट टेकवलं की खळगा पडे,
उचललं की सावकाश भरून येई.
उजेडात धरलं: पापुद्र्याआड बलक डुलत होता,
फळ्या न ठोकताच कुणी होडी
पाण्यात सोडावी तसा.
ते ओंजळीत घेऊन पावसात उभा राहिलो.
कुठे ठेवायचं, कळेना.

पुढच्या आठवड्यात नुसताच ओला, पिवळा पेंढा,
आणि नोटरीच्या चोचीला बलक.
नोटरी म्हणजे ती तांबडी,
दिसेल त्या वस्तूवर
शिक्का मारल्यासारखी चोच मारणारी.
तिला दोष तरी कसा द्यावा?
फुटलेलं दिसलं, चाखलं, आवडलं.
मग धडधाकट अंडीही फोडू लागली,
तिचं पाहून दुसरी, तिसरी.
कुंपणानेच शेत खाल्लं तर
राखणीला कुणाला बसवायचं?

एर्सिरा शेजारून म्हणाली,
चटक लागली की लागली. पातेलं चढव.
कांदा माझ्याकडून.

मी सुतार आहे. पातेल्याआधी पटाशी.
सायप्रसच्या तुकड्याचं अंडं कोरलं,
काचकागदाने घासून पेंढ्यात ठेवलं.
नोटरीने शिक्का मारला: टक्.
पुन्हा: टक्.
मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं,
कागदपत्रांत खोट सापडल्यासारखं.
एका टरफलात मोहरी कालवून भरली;
ती चाखून तिने चोच मातीत पुसली
आणि पुढच्या अंड्याकडे वळली.
मग खणांना गोणपाटाचे पडदे लावले,
तळाला बोटभर उतार दिला,
की घातलेलं अंडं घरंगळत मागे जावं,
तिची मान पोचणार नाही तिथे.
उतार मला कळतो.

पण मऊ ती मऊच. घरंगळत जात
आणि फळीला चिकटून बसत.

रविवारी टेकाडावर चढलो, जिथे फोनला रेघा येतात.
आधी बाळाची चौकशी केली, मग हवेची.
शेवटी सांगितलं.
ती इतकी हसली की बाळ उठलं.
बेलार्मिनो, शिंपले कोण कुटतंय?

कसले शिंपले?

रात्री रेडिओवर तुझी मॅच लागायची
आणि तू ओरडायचास,
बंद कर ती खटखट.

एकतीस वर्षं मला वाटत होतं,
ती रागाने काहीतरी आपटते आहे.
मी रेडिओ मोठा करायचो.

ढीग घरामागे होताच: कालवं, तिसऱ्या,
आम्हीच खाल्लेल्या, आम्हीच फेकलेल्या.
चुलीत भाजल्या, दगडावर घेतल्या, हातोडी उचलली.
किती बारीक, ते विचारायचं राहिलं होतं.
पहिल्या रात्री पीठ झालं, उडून मिशीत बसलं.
दुसऱ्या रात्री गव्हाच्या दाण्याएवढा चुरा.
तो वेगळ्या डब्यात ठेवला.
कोंबड्या अशा तुटून पडल्या
की मलाच लाज वाटली.

नोटरी सुधारली, असं म्हणणार नाही.
तिला वेगळा खण दिलाय. तिथे ती
लाकडी अंड्यावर गंभीरपणे बसून असते,
कुणी हात घातला तर टोचते.
एर्सिराचा कांदा अजून एर्सिराकडेच आहे.

काल एक अंडं घेतलं. निळसर, खरबरीत,
एका बाजूला वळ उठलेला.
कढईच्या काठावर आपटलं.
फुटलं नाही.
थांबलो, तो आवाज ऐकला.
मग जरा जोरात.