कोपराखाली काही नाही

नियम तोच आहे, एवढं बरं.
कोपराखाली काही नाही. घड्याळ नाही, बांगडी नाही,
अंगठी चालेल, खड्याची नको.
केझाया सांगते. वय असेल चोवीस.
आम्ही अकराजण अर्धगोलात उभे,
दहाजण नवे.
मी नवी नाही, जुनीही म्हणवत नाही.
हातात बांगड्या भरल्यात का, असं कुणी टोचून विचारलंच असतं
तर गेली सात वर्षं मी हात पुढे करून दाखवले असते.

सर्टिफिकेट आलं त्याच महिन्यात मुलगा आला,
सातव्याच महिन्यात, काचेच्या पेटीत,
माझ्या करंगळीएवढा त्याचा दंड.
मग रात्रपाळी जमेना, मग काहीच जमेना,
मग ग्रिम्सबीच्या गोदीजवळ सहा ते दोन
कॉडचे काप भरले मी, दोनदोनशे ग्रॅमचे.
पट्टा थांबत नसे.
चिपळूणला बाबांना सांगितलं होतं, हॉस्पिटलात आहे.
ते शेजारी सांगत. शेजारी आपापली दुखणी फोनवर पाठवत,
आणि मी डबा खाता खाता
गुडघ्यांना, पित्ताला, कुणाच्या तरी आत्याच्या चक्करेला
उत्तरं देत असे, हातमोज्यांतून बर्फ गळत.

आज प्लास्टिकच्या छातीवर तीस दाब, दोन श्वास.
बाहुलीला पाय नाहीत, तोंड मात्र उघडं.
अठराव्या दाबाला मला धाप लागली.
केझाया म्हणाली, छान, अजून खोल.
चादरीचा कोपरा मात्र मी न बघता दुमडला.
ती थांबली. म्हणाली, परत करून दाखव.
परत करताना चुकला.

वॉर्डात पहिल्या सकाळी
टॅब्लेट माझा पासवर्ड घेत नाही.
आम्ही शिकलो तेव्हा खाटेच्या पायाशी कागद असे,
लाल रेघ, निळी रेघ, कोणीतरी चहा सांडलेला.
यंत्राची बॅटरी उतरलेली. सिस्टर म्हणते, हातानं घेशील का?
घेईन, म्हणाले. आवाज माझाच होता.

चौथ्या खाटेवर मिस्टर थ्वेट. चौऱ्याऐंशी.
आधी अंग पुसायचं. पाणी मनगटानं पाहिलं,
हे मात्र कुठल्याच वर्गात शिकले नव्हते,
पेटीतून घरी आलेल्या पोराच्या टबात शिकले.
पाठ, बगला, बोटांमधल्या फटी.
त्यांनी माझा हात धरला, उलटा केला,
नखांपाशी पांढरी पडलेली कातडी अंगठ्यानं चाचपली.
"कुठल्या शेडवर होतीस?"
मी सांगितलं.
"मी आइसलंडपर्यंत जायचो," ते म्हणाले,
"तुम्ही शेडवाल्या आम्हाला शिव्या द्यायच्या,
मासा लहान आणला म्हणून."
मी म्हटलं, अजून देतो.
त्यांना हसू आलं, मग खोकला,
खोकला बराच वेळ राहिला. मी पाठीवर हात ठेवून उभी.

मग पट्टा दंडाला. फुगा दाबला. कानांत नळ्या.
आधी काहीच नाही.
आधी नुसता वॉर्ड, ट्रॉलीचं चाक, कुणाचा तरी टीव्ही,
आणि माझंच रक्त माझ्याच कानात.
सुई उतरत होती. मला वाटलं, संपलं, विसरले.
ठक.
अगदी बारीक, दाराआड उभ्या माणसानं
एका बोटानं वाजवावं तसं.
एकशे अडतीस.
पुढचं सगळं ऐकत गेले, थांबेपर्यंत.
ब्याऐंशी.

कागद नव्हता. मनगटावर लिहिलं.
केझायानं पाहिलं आणि बोलली, बोलायलाच हवं होतं:
कोपराखाली काही नाही. शाईसुद्धा नाही.
साबणानं तीनदा घासलं.

संध्याकाळी बाबांचा फोन.
कसं चाललंय हॉस्पिटल?
मी सात वर्षांचं उत्तर दिलं, तेच, शब्द न बदलता:
बरं चाललंय. काम खूप असतं.
ते म्हणाले, आवाज दमलेला वाटतोय आज.
त्यांना सांगण्यासारखं नवीन काहीच नव्हतं.
मी पोळ्या लाटत होते,
आकडा अजून पुसट दिसत होता,
आणि कणकेला, का कोण जाणे,
थोडा माशाचाच वास.