रफार

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी
पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून तो वर सरकायचा,
निळा, तुळतुळीत, नव्या जावयासारखा नम्र:
तुमच्यासाठी नवीन आवृत्ती तयार आहे.
आत्ता करू, की नंतर आठवण करू?

मी 'नंतर' दाबायचे आणि चहाला उठायचे.
अशी सहा वर्षं.

अशोकस्तंभाच्या उतारावर, घड्याळवाल्याच्या डोक्यावर
आठ बाय दहाचं माझं दुकान.
लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं.
मशीन जुनं, फॉन्ट त्याहून जुने,
नाशिकरोडच्या एका माणसाने फ्लॉपीतून दिलेले.
त्याचा फोन आता लागत नाही.
'ज्ञ' कुठल्या बटणात आहे ते बोटांना माहीत,
मला विचाराल तर सांगता यायचं नाही.

गेल्या पौषात एका रात्री
मी शटर ओढून घरी गेल्यावर
त्याने कुणाला न विचारता आपलं उरकून घेतलं.
सकाळी सगळं जागच्या जागी. फायली, वॉलपेपरचा गणपती.
मी घाईत एकदा नजर फिरवली आणि प्लेट काढली.
भद्रकालीतून अडीचशे कार्डं छापून आली.

मोहाडीचा मुलगा न्यायला आला.
कार्ड हातात धरून बराच वेळ उभा.
"मॅडम, आईचं नाव पार्वताबाई होतं."
होतंच की, म्हटलं,
आणि मग पाहिलं.
स्वगीय पावताबाई कडिले.
प्रथम वषश्राद्ध.

वाऱ्याने कौलं उडावीत
तसे सगळे रफार गेलेले.

श्राद्ध चार दिवसांवर, कागदबाजार बंद,
आणि गावोगाव वाटायला त्याला पहाटेच निघायचं होतं.
मी रडणार होते, तेवढ्यात त्याने खिशातलं काळं पेन काढलं.
मी ड्रॉवरमधलं.
अडीचशे कार्डं, एकेका कार्डावर चार.
हजार रफार.
त्याचे टोकदार, माझे गोल.
साडेनऊच्या सुमारास तो म्हणाला,
आई पन्नाशीत सही शिकली.
आधी रफार काढायची दोन, हवेत,
मग त्यांच्याखाली अक्षरं बसवायची.
मास्तर रागवायचे. ती म्हणायची,
आधी छत्री उघडावी, मग माणसाला बोलवावं.

पैसे त्याने पुरते दिले.
मी अर्धे परत केले, ते दुसऱ्या दिवशी
कीबोर्डखाली सापडले.

मग वडाळा नाक्याचा नुमान आला.
आधी त्याने मागचं सगळं परत आणलं,
मग कुठल्या कुठल्या याद्या उघडत खोल खोल गेला
आणि एका ओळीपुढे 'बंद' लिहून आला.
अकरा मिनिटं. शंभर रुपये, तेही घेईना.
"पण खाला, आता नेट नको लावू.
कडी दुरुस्त होणार नाही असं घर आहे हे,
रस्त्यालाच नसलेलं बरं."
त्याचं खरं आहे. मला कळतं ते.
वायर काढून खिळ्याला टांगली आहे,
मजकूर पेनड्राइव्हवर येतो,
बँकेचं सगळं मोबाइलवर.
एक दिवस हे मशीन बसेल
आणि माझी बोटं निरक्षर होतील.
तेही कळतं.

तोवर प्रत्येक प्लेट काढण्याआधी
मी मजकूर नाही वाचत,
फक्त अक्षरांच्या डोक्यांवरून नजर फिरवते,
सहलीला निघालेली पोरं मोजावीत तशी.

कोपरा आता गप्प असतो.
पहिले काही दिवस चहा राहूनच जायचा,
डोकं दुखायला लागलं की लक्षात यायचं.

काल चार दहाला हात आपोआप तिकडे गेला.
काही नव्हतं. वेळ आणि तारीख.
नंतर, म्हटलं मी तरीही,
आणि उठले.