ए-दोनवरचा उंट

हार्लिंगनच्या क्लबात रात्रीचे साडेअकरा.
सीब्रन घरी गेलाय, स्वतःचा कप विसळून पालथा घालून.
माझ्यापुढे कडेला भोकं असलेला कागद,
टेबलावरून घसरत बुटांपर्यंत पोचलेला.

तेविसावी खेळी. काळ्या उंटाने
ए-दोनवरचं प्यादं खाल्लं.
शेजारी यंत्राचं मत: एका प्याद्याने आपण वर.
त्या क्षणी ते खरंही होतं.

मग सीब्रनने बी-प्यादं एक घर सरकवलं, एकच,
जेवून उठताना खुर्ची आत लोटावी तसं.
उंट कोपऱ्यात. दार बंद.
आणि ई-दोनवरून राजा निघाला,
डी, सी, बी,
जुडगा हातात असलेल्या, घाई नसलेल्या
रात्रीच्या राखणदारासारखा.

पेन्सिलने मोजलं, दोनदा.
उंट मरतो दहाव्या पावलाला.
माझं यंत्र आठ पावलं पाहतं.
आठ हा आकडा माझा,
गेल्या जूनमध्ये मीच टाइप केलेला,
कारण दहा दिले की ते इतका वेळ घ्यायचं
की समोरचा माणूस पेंगायला लागे.

पण ही चूक मला सोसते.
सोसत नाही ती पुढच्या पानावरची.
चोविसाव्या खेळीला त्याला कळलं होतं.
उंट जाणार, हे स्वच्छ छापलंय.
आणि मग त्याने
जी-प्यादं पुढे ढकललं, मारून घेतलं.
एच-प्यादं. मारून घेतलं.
एफ-प्यादं.
दर प्याद्यामागे दोन पावलांची मुदत,
मरण पुन्हा नजरेपलीकडे,
आणि कागदावर सुटकेचा आकडा:
थोडक्यात निभावलं.
आजचं मरण उद्यावर, तीनदा.
शेवटी उंट गेलाच. पटाची ती बाजू
तोवर उघडी पडली होती.

सीब्रन तीस वर्षं या बंदरात पायलट होता,
वाळूच्या पट्ट्यांमधून परकी जहाजं आत आणायचा.
मी विचारलं, किती पुढचं पाहिलंत?
"काहीच नाही, येल्त्ये. तो आत शिरला,
आणि कडी माझ्या बाजूला होती."
मग कोटाची बाही शोधत:
"तुझ्या वडिलांची बोट अजून धक्क्यालाच?"

पहिल्या हिवाळ्यात नवा पंप.
दुसऱ्यात ताडपत्री, जाड, महागातली.
यंदा धक्क्याचं भाडं, सहा महिन्यांचं, आगाऊ.
तळाचं लाकूड बोटाने दाबलं तर आत जातं.

आठ खोडून दहा लिहिते.
बाहेर ओहोटी लागलीय, चिखलाचा वास
बंद खिडकीतूनही येतो.
याच कागदाच्या पाठीवर
माक्कुमच्या गिऱ्हाइकाचा नंबर आहे,
ऑगस्टपासून.

आता फार उशीर झाला.
उद्या सकाळी करते फोन.

एफ-प्यादं.